शेरा मिटवावा कोणी?

पुरस्कर्ता : दिंडोरी तालुक्यात द्राक्षाच्या निर्यातीचा हंगाम सुरू झाला, म्हणजे मोहाडीपासून वणीपर्यंत आणि जानोरीपासून खेडगावपर्यंत जितक्या बागा, तितक्या ओळी कुठल्या ना कुठल्या एक्सेल शीटमध्ये उभ्या राहतात, हे अण्णा, तुम्हांस मी सांगावयास नको. प्लॉटचा नोंदणी क्रमांक, वाण, गोडी छाटणीची तारीख, शेवटची फवारणी, नमुना केव्हा काढला, प्रयोगशाळेचा अहवाल केव्हा आला, असे रकान्यांमागून रकाने. मला बोलावयाचे आहे ते मात्र या रकान्यांविषयी नव्हे, तर रकान्यांतील घरांच्या उजव्या कोपऱ्यात जो लहानसा तांबडा त्रिकोण दिसतो, त्याच्याआड दडलेल्या शेऱ्यांविषयी. क्षेत्रावर हिंडणारा मनुष्य लिहितो, कारकून लिहितो, गुणवत्ता तपासणारा लिहितो. ‘तारीख पुन्हा विचारणे’, ‘डायरीत नोंद नाही’, ‘डाऊनी दिसली, अहवाल आल्याशिवाय तोडणी नको’. हंगामाच्या मध्यावर असे शेकडो शेरे साचतात, आणि ज्याने त्या घरावर माऊस नेला त्यालाच ते दिसतात. म्हणून मी असे एक साधन सिद्ध केले आहे, की जे रोज रात्री सर्व शीटमधील शेरे आपोआप गोळा करील, कोणी लिहिला, केव्हा लिहिला, किती दिवस पडून आहे हे मांडील, एकाच आशयाचे शेरे एकत्र करील, ज्याचे काम त्याच्या फोनवर पाठवील आणि जे निकालात निघाले ते बाजूस काढून शीट स्वच्छ ठेवील. यात आक्षेप घेण्यासारखे काय आहे, हे मला अद्याप उमगलेले नाही.

आक्षेपक : भाऊ, तुमच्या वाक्याचा शेवटचा तुकडा वगळला, तर बाकीच्यास माझा विरोध मोठा नाही, परंतु विरोधाआधी एक शंका आहे, ती शेऱ्याच्या स्वभावाविषयीची. आपल्याकडे शेरा ही वस्तू संगणकाबरोबर आलेली नाही. मोडीतल्या जुन्या कागदांस समास सोडलेला असे. अर्जाच्या कलमाशेजारी त्यावरचा निर्णय लिहीत, त्यास मखलाशी म्हणत. आणि पत्राच्या अखेरीस मोर्तब उठवीत, ते एवढ्याचसाठी की मजकूर येथे संपला, यापुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये. गाव नमुना बारामध्ये अगदी शेवटचा रकाना शेऱ्याचाच असतो. या सर्व व्यवस्थेत एक गोष्ट समान होती : शेरा ज्याच्याविषयी आहे त्याच्या शेजारी बसत असे, आणि वाचणाऱ्यास मूळ मजकूर व त्यावरील मत ही दोन्ही एकाच दृष्टीत येत. ‘पुन्हा पाहणे’ या दोन शब्दांस स्वतःचा असा काहीच अर्थ नाही. त्यांचा सारा अर्थ ते ज्या आकड्याला चिकटले आहेत त्या आकड्यात, त्याच्या वरच्या ओळीत आणि खालच्या ओळीत आहे. तुम्ही तो शेरा उचलून यादीत नेऊन ठेवलात, की बांधावरची खूण काढून चावडीत आणून ठेवल्यासारखे होते. खूण शाबूत राहते आणि बांध हरवतो.

पुरस्कर्ता : उपमा सुंदर आहे, पण संगणकाच्या पोटात काय चालते ते पाहिले तर ती खूण बांधावर मुळात नव्हतीच. एक्सेलची फाइल ही वस्तुतः एक गाठोडे आहे. तिचे नाव बदलून झिप केले आणि ती उघडली, तर आत निरनिराळ्या फाइली दिसतात. आकडे एका फाइलीत असतात, शेरे दुसऱ्या फाइलीत, आणि त्या दोहोंमध्ये नाते असते ते केवळ घराच्या पत्त्याचे, की हा शेरा अमुक स्तंभाच्या अमुक ओळीचा. पडद्यावर जी जवळीक दिसते ती प्रत्येक वेळी नव्याने रचलेली असते. याचा परिणाम असा, की तोच तक्ता कोणी सीएसव्ही करून पाठविला, तर आकडे पोहोचतात आणि शेरे मागे राहतात. नुसत्या किमती नक्कल करून नव्या शीटमध्ये चिकटविल्या, तरी तेच. दिंडोरीत असे रोज होते. पॅकहाऊसची शीट वेगळी, निर्यातदाराची वेगळी, आणि या दोहोंमध्ये आकड्यांची ये-जा अहोरात्र चालू.

मी डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. जागेचे नाव घेत नाही. एका प्लॉटच्या शेवटच्या फवारणीच्या तारखेवर शेरा होता, ‘शेतकऱ्याने तोंडी सांगितली, डायरीत नोंद नाही’. ती तारीख खरी धरली तर तोडणीपूर्वीचा प्रतीक्षाकाल पुरा होत होता. खोटी ठरली तर होत नव्हता. त्या घरावर तीन आठवड्यांत कोणी माऊस नेला नाही. माल तोडला गेला, पेट्या भरल्या गेल्या, आणि मग अहवालात औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला. शेरा लिहिणाऱ्याने आपले कर्तव्य केले होते. वाचणाऱ्याने कर्तव्य चुकविले, असेही म्हणवत नाही, कारण अशा दोन हजार घरांवर हात फिरवीत बसणे कोणास शक्य आहे? शेतकऱ्याचा माल मात्र परत आला. माझे सारे साधन त्या एका तीन आठवड्यांच्या मौनातून जन्मले आहे.

आणि आपल्या भागास हे मौन केवढे महाग पडते, ते २०१० साली सर्वांनी भोगले आहे. एप्रिल छाटणीनंतर फुटव्याची वाढ रोखण्यासाठी जे क्लोरमेक्वाट (बाजारातले नाव लिहोसिन) वापरीत, त्याचा अंश युरोपात किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक निघाला आणि महाराष्ट्रातून गेलेले कंटेनर अडले. उन्हाळ्यात वेलीवर मारलेल्या औषधाची झळ पुढच्या हंगामातल्या घडाला लागली. ग्रेपनेट तेव्हाही होते, २००६ पासून अपेडा या कृषिनिर्यात संस्थेची ती व्यवस्था बाग ते बंदर असा माग ठेवीत होती. परंतु जे रकान्यात मावत नाही, ते त्यात येणार कोठून? ‘मागच्या मे महिन्यात लिहोसिन मारले होते म्हणतो’ असा एक शेरा कोणी तरी कोठे तरी लिहिला असता आणि तो योग्य माणसापर्यंत पोहोचला असता, तर एवढा माल अडला नसता असे मी म्हणत नाही. परंतु एखाद्या बागेपुरता तरी तो उपयोगी पडला असता.

आक्षेपक : त्या शेतकऱ्याचे नुकसान मी हलके मानीत नाही, आणि न वाचलेला शेरा हा न लिहिलेल्या शेऱ्याहून अधिक क्लेशदायक असतो, हेही मान्य करतो. परंतु तुमचे साधन मौनाचा नाश करील हे तुम्ही गृहीत धरता. मला भय वाटते ते याचे, की ते मौनाची जागा बदलील. २०२० च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये काय झाले ते आठवा. कोविडच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून येत आणि आपोआप एक्सेलच्या जुन्या धाटणीच्या फाइलींत भरले जात. त्या धाटणीत ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहीत. मावल्या तेवढ्या घेतल्या गेल्या आणि उरलेल्या काही न बोलता गळाल्या. १५,८४१ बाधितांची नोंद अशी काही दिवस राहून गेली, आणि त्यांच्या सहवासात आलेल्यांस वेळीच सूचना मिळाली नाही. हाताने काम करणारा कारकून थकतो, आणि थकला की त्याच्या चेहऱ्यावर दिसते. आपोआप चालणारे साधन थकत नाही, पण चुकते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही.

दुसरे, भाषेचे. आमच्याकडचा मनुष्य शेरा मराठीत लिहितो, पण लिपी त्या दिवशी बोटांना जी सुचेल ती. ‘फवारणी’ हा एकच शब्द रोमन अक्षरांत चार जण चार प्रकारे लिहितात. जुन्या शीटमध्ये श्रीलिपीत टंकलेले शेरे आहेत. तो फाँट नसेल तर ती अक्षरे म्हणजे विंग्रजी खिचडी. कोणी केवळ ‘बघू’ लिहितो, आणि त्याचा अर्थ ‘मला हे पटलेले नाही, पण साहेबांसमोर बोलता येत नाही’ असा असतो, हे त्याच्या शेजारच्या खुर्चीवर दहा वर्षे बसलेल्यालाच कळते. ‘एकाच आशयाचे शेरे एकत्र करील’ असे तुम्ही सहज म्हणालात. दोन ‘बघू’ एकाच आशयाचे आहेत, हे ठरविणार कोण?

पुरस्कर्ता : मोजदादीचा आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो. साधनाने दर रात्री प्रथम हेच सांगितले पाहिजे, की शीटमध्ये शेरे एकंदर इतके सापडले आणि यादीत इतके चढविले. तफावत असेल तर यादी देऊच नये, तफावतच द्यावी. जे वाचता आले नाहीत त्यांचा वेगळा विभाग, आणि तो यादीच्या अगदी माथ्यावर. एकत्रीकरणही मी सोडून देतो. ‘बघू’ शंभर वेळा आले, तर शंभर वेळा दिसू दे.

आक्षेपक : तुम्ही इतक्या मोकळेपणाने मागे सरता, की मला पुढचे बोलणे अवघड होते. तरी बोलतो. शेऱ्याच्या खाली सही असते, म्हणून त्याला शेरा म्हणतात; सही नसलेला मजकूर ही अफवा होय. एक्सेलची जुन्या पद्धतीची जी नोट असते तिच्या माथ्यावर नाव उमटते खरे, परंतु ते नाव संगणकाच्या मांडणीत जे घातले असेल ते. ते साधे अक्षर असते, कोणीही खोडून दुसरे लिहावे. नव्या पद्धतीच्या कमेंटमध्ये नाव खात्यावरून येते आणि वेळही पडते, ही सुधारणा खरी. पण पॅकहाऊसच्या टेबलावर संगणक एक, खाते एक, आणि रात्रपाळीला माणसे चार. चौघांचेही शेरे एकाच नावाने उमटतात. तुमचे साधन त्या नावाला प्रमाण मानून दुसऱ्या दिवशी भलत्याच्याच फोनवर खुलासा मागील.

याहूनही मोठी गोष्ट वेगळीच आहे. समासात लिहिणारा मनुष्य मोकळेपणाने लिहितो, कारण तो कोपरा आहे. ‘मला या तारखेची खात्री वाटत नाही’ हे वाक्य तो घराच्या कोपऱ्यात लिहील. तेच वाक्य उद्या सकाळी यादीत, स्वतःच्या नावानिशी, व्यवस्थापकाच्या फोनवर झळकणार आहे असे कळले, तर तो ‘तारीख पडताळणी प्रलंबित’ असे लिहील. पहिल्या वाक्यात एक मनुष्य आणि त्याची शंका आहे. दुसऱ्यात दोन्ही नाहीत. वरिष्ठ सारे शेरे वाचतात असे ठाऊक झालेल्या कचेऱ्यांत मी नोकरीची उमेदीची वर्षे काढली आहेत. तेथील शेरे अत्यंत नीटनेटके असत, आणि त्यांतून कोणास काहीही कळत नसे.

पुरस्कर्ता : हा आक्षेप माझ्या मनास लागला, म्हणून त्याचे उत्तर मी सावकाश देतो. कोपऱ्यातला मोकळेपणा मौल्यवान आहे, हे खरे. पण तो कोणासाठी मौल्यवान आहे, हेही विचारले पाहिजे. ज्या माणसाने ‘डायरीत नोंद नाही’ असे लिहिले, त्याने सत्य लिहिले, आणि त्या रात्री तो स्वस्थ झोपला, कारण त्याच्या दृष्टीने त्याने सांगून टाकले होते. कोणाला सांगितले? कोपऱ्याला. अण्णा, न वाचल्या जाणाऱ्या शेऱ्याचा हा एक फार सूक्ष्म दोष आहे, की तो लिहिणाऱ्याच्या सदसद्विवेकाचे ओझे उतरवितो आणि ज्याच्यासाठी लिहिला त्याच्यापर्यंत काहीच नेत नाही. तो शेरा लिहिण्याची सोयच नसती, तर कदाचित तो मनुष्य उठून गुणवत्तेच्या टेबलाशी गेला असता आणि दोन शब्द बोलला असता. तांबड्या त्रिकोणाने त्याला बोलण्यापासून सोडविले. म्हणून मी म्हणतो, की शेरा लिहिण्याची सोय दिली असेल तर तो पोहोचविण्याची जबाबदारीही घेतलीच पाहिजे. आणि ती माणसांच्या स्मरणावर टाकणे म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या गर्दीत कोणावरच न टाकणे होय. मोकळेपणा थोडा कमी झाला तरी चालेल, असे मी म्हणणार नाही. तो कमी होईल हे मला दिसते आणि त्याचे मला दुःख आहे. पण त्या शेतकऱ्यास ‘आमचे शेरे फार मोकळे होते’ असे सांगून काय उपयोग?

आक्षेपक : यावर माझ्याजवळ उत्तर नाही. कोपऱ्याला सांगून मोकळे होणे, हे मीही केले आहे. अनेकदा.

तेव्हा पोहोचविण्याचा वाद येथे ठेवू, आणि मी प्रारंभी ज्या तुकड्यावर बोट ठेवले होते त्याकडे येऊ : ‘जे निकालात निघाले ते बाजूस काढून शीट स्वच्छ ठेवील’. निकालात निघाले, हे कोणी म्हणावयाचे? तुमच्या पडद्यावर एक बटण आहे. ते दाबले की कमेंट मिटते. ते ज्याने दाबले त्याला वाटते, प्रश्न सुटला. वास्तविक सुटलेली असते ती यादीतली एक ओळ. ज्या दिवशी व्यवस्थापक ‘आज किती शेरे प्रलंबित’ असा आकडा विचारू लागेल, त्या दिवसापासून तो आकडा कमी करणे हेच काम होऊन बसेल, आणि त्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बटण.

आता आपल्या महसुली पद्धतीकडे पाहा. तिला आपण संथ म्हणतो, किचकट म्हणतो, आणि ती तशी आहेही. पण १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमातील कलम १५० वाचले, तर एका साध्या नोंदीभोवती किती विचार रचलेला आहे, हे दिसून येते. तलाठ्याने फेरफार लिहिला म्हणजे नोंद झाली असे नाही. त्याची प्रत चावडीवर लावावयाची, ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना लेखी कळवावयाचे, हरकतीस मुदत द्यावयाची; हरकत आली तर ती नमुना सहा-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते; मंडळ अधिकारी चौकशी करून प्रमाणित करील तेव्हा नोंद पक्की. आणि नोंद रद्द झाली, तरी ती पुसली जात नाही. तिचा क्रमांक राहतो, मजकूर राहतो, ‘रद्द’ हा शब्द आणि त्यामागचे कारण तिच्यासमोर येऊन बसते. लिहिणारा एक, प्रमाणित करणारा दुसरा, आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला बोलण्याचा अधिकार, ही तीन माणसे तेथे निराळी ठेवली आहेत. तुमच्या बटणात ती तिन्ही एका बोटात आली.

पुरस्कर्ता : परंतु सातबाऱ्यावरची जमीन पंधरा दिवस थांबू शकते, ती कोठे जाणार नाही. तोडणीला आलेला घड थांबत नाही. अवेळी ढग आले की मणी तडकण्याची धास्ती, कंटेनरची वेळ ठरलेली, मजुरांची टोळी दुसऱ्या गावाला जाण्याच्या घाईत. येथे शेऱ्याचा निकाल संध्याकाळपर्यंत लागला नाही, तर निकाल न लागणे हाच निकाल ठरतो, आणि तोही शेतकऱ्याच्या विरुद्ध. चावडीची पद्धत जशीच्या तशी येथे आणाल, तर न्याय होईल आणि द्राक्षे सडतील. तुम्ही पद्धतीचे अंतरंग घ्या म्हणालात, तर मी घेतो : शेरा लिहिणाऱ्याने स्वतःचा शेरा मिटवू नये, दुसऱ्याने मिटवावा, मिटविताना कारण लिहावे, आणि मिटलेला शेरा कोपऱ्यातून नाहीसा न होता फिकट होऊन तेथेच राहावा. मूळ घराचा पत्ता, त्या क्षणी त्या घरात असलेला आकडा, आणि वरच्या-खालच्या ओळी, हे सर्व यादीतही शेऱ्याबरोबर दाखवावे, म्हणजे तुमचा बांध हरवणार नाही. हे सारे करता येते, आणि यंत्राकडून ते हातापेक्षा अधिक चोख होते, कारण ‘कारण लिहिल्याशिवाय मिटणार नाही’ हा नियम हंगामात माणूस मोडतो, यंत्र मोडत नाही.

आक्षेपक : दोन माणसे झाली. तिसऱ्याचे काय? ज्याच्या बागेविषयी हा शेरा आहे, त्याला ती शीट कधी दिसते काय? कादवा नदीच्या काठचा तो मनुष्य भल्या पहाटे फवारणीचा ब्लोअर जोडतो. त्याच्या तारखेवर कोणी तरी ‘तोंडी सांगितली’ असे लिहून ठेवले आहे, ही गोष्ट त्याला माल परत आल्यावर कळते, किंवा कळतच नाही. त्याला त्या संध्याकाळी विचारले असते, तर कदाचित त्याने दुकानाची पावती काढून दाखविली असती, कदाचित मुलाच्या फोनमधला फोटो दाखविला असता. किंवा ओशाळून खरी तारीख सांगितली असती, आणि तोडणी चार दिवस पुढे गेली असती. तुम्ही सांगितलेल्या त्या गोष्टीत तीन आठवडे मौन होते, म्हणालात. मला दिसते ते असे, की त्या तीन आठवड्यांत ज्याला उत्तर ठाऊक होते असा एकच मनुष्य होता, आणि त्याच्यापर्यंत तो शेरा नेण्याची वाट तुमच्या साधनातही नाही. तुमची यादी लिहिणाऱ्याकडून वरिष्ठाकडे जाते. बांधाकडे जात नाही.

पुरस्कर्ता : नाही. ती वाट मी ठेवली नव्हती, आणि ठेवावी असे मला सुचलेही नव्हते. सर्व विचार शीटच्या आत चालला होता. ठेवता येईल. त्याच्या प्लॉटवरचे शेरे त्याच्या फोनवर, देवनागरीत, सोप्या शब्दांत पाठविता येतील. पण लगेच एक अडचण उभी राहते, आणि ती तंत्राची नव्हे. काही शेरे त्याला दाखविण्याजोगे नसतात. ‘नमुना काढताना एका ओळीतलेच घड पुढे केले, संशय आहे’ असा शेरा आहे. तो त्याला पाठविला, तर पुढच्या खेपेस संशयाचा मागच पुसला जाईल, आणि लिहिणाऱ्या पोराला त्याच गावात पुन्हा जावयाचे आहे. न पाठविला, तर एका माणसाच्या इमानाविषयी त्याच्या पाठीमागे लिहिलेली ओळ, त्याला उत्तराची संधी न देता, वर्षानुवर्षे त्याच्या नोंदणी क्रमांकाला चिकटून राहील. आणि माझे साधन ती विसरणारही नाही. कोपऱ्यात पडली असती तर निदान शीट बदलताना गळाली तरी असती.

आक्षेपक : हे मात्र माझ्या बाजूचे बोलणे झाले, आणि ते ऐकून मला समाधान वाटत नाही. विसरून जाण्यावर न्याय टांगून ठेवावा, असे मला म्हणवत नाही. माझ्या काळी तो तसा टांगलेला होता, एवढेच. महसुलात हरकतीला स्वतंत्र नोंदवही आहे, पण तिथेही हरकत घेणाऱ्याला काय लिहिले आहे ते आधी कळते, मग तो हरकत घेतो. संशयाच्या शेऱ्याला तीही सोय नाही. तुम्ही कोणते शेरे बागाईतदाराकडे जावेत आणि कोणते जाऊ नयेत हे ठरवू लागाल, तेव्हा ती निवड कोण करणार?

पुरस्कर्ता : यंत्राकडे देणार नाही, एवढे आज सांगू शकतो. लिहिणाऱ्याकडे द्यावी, तर तो भिऊन प्रत्येक शेरा गुप्त ठरवील. वरिष्ठाकडे द्यावी, तर मार्चमध्ये त्याला वेळ नाही.

आक्षेपक : मग तुमच्या शीटमध्ये एक रकाना वाढवा, ‘शेतकऱ्यास कळविले : होय किंवा नाही, आणि नाही तर कोणी ठरविले’. शेऱ्यात नको, रकान्यातच; म्हणजे सीएसव्ही करताना गळणार नाही.

पुरस्कर्ता : रकाना वाढवितो. आणि तो रिकामा राहिलेल्या ओळी त्या रात्रीच्या यादीत माथ्यावर घालतो, वाचता न आलेल्या शेऱ्यांच्याही वर. तो भरावयाचा कोणी, हे मात्र अण्णा, छाटणीआधी आपणा दोघांना पुन्हा बसून ठरवावे लागेल, आणि त्या बैठकीला एखादा बागाईतदार असल्याखेरीज मी बसणार नाही.